आधी वाट मोजा, मग गाडी घ्या

यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्येला वर्धा नदी आहे आणि दक्षिणेला पैनगंगा. या दोन्ही नद्या शेवटी वणी तालुक्यात जुगादजवळ एकमेकींना मिळतात. मधल्या मुलखातून बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी अशा नद्या वाहतात, आणि नाल्यांची तर गणतीच नाही. १३,५८२ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा, तालुके सोळा. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जातो. या दोन्ही रस्त्यांवर कुठलीही मोटार सुखाने धावते. पण महामार्ग सोडून एखाद्या पोडावर, तांड्यावर किंवा शेतातल्या वस्तीवर जायचे म्हटले, आणि तेही जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे खरी परीक्षा सुरू होते.

आम्ही पाच मित्र गेल्या काही महिन्यांपासून एका कामाला लागलो आहोत. कुणी शिक्षक, कुणी एस.टी.त, कुणी आरोग्य खात्यात, आणि मी बी.कॉम. झालेला कारकून. सर्वांची वर्गणी मिळून तीन लाख रुपये जमतात. एवढ्या पैशात चिखलातून, नाल्यातून, दगडातून जाणारी एक जुनी चारचाकी घेऊन ती दुरुस्त करून उभी करायची, असे ठरले आहे. शहरातील हौशी मंडळी असल्या गाड्या डोंगरात नेण्यासाठी तयार करतात, त्यावर लाखो रुपये खर्च करतात. त्यांची हौस त्यांना लखलाभ असो. आमची गरज वेगळी आहे. मात्र गाडीचे शास्त्र दोघांनाही तेच लागते. म्हणून हा खटाटोप वाचकांपुढे मांडत आहे. अनेक गावांतले कार्यकर्ते अशाच विचारात असतील, त्यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू.

गाडी कशासाठी?

२०१७ सालचा फवारणीचा हंगाम आपल्या जिल्ह्यातील कोणी विसरणार नाही. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन त्या हंगामात जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. फवारणीचे दिवस आणि चिखलाचे दिवस एकच असतात. सर्पदंशही त्याच दिवसांत होतात. बाळंतपण तर ऋतू पाहून येत नाही.

सरकारची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती अनेकांच्या उपयोगी पडली आहे. पण ती गाडी डांबरी रस्त्याची आहे. पांदणीत तिने शिरावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही, कारण ती फसली तर दुसऱ्या चार रुग्णांचे हाल होतील. म्हणजे प्रश्न यवतमाळच्या दवाखान्यापर्यंतच्या साठ-सत्तर किलोमीटरचा नाही. प्रश्न वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरचा आहे. झरी-जामणी तालुक्यातील एका आशाताईने ही गोष्ट फार सोप्या शब्दांत सांगितली. ती म्हणाली, "दादा, गाडी पोडात नाही आली तरी चालते. नाल्याच्या अल्याडपर्यंत आली तरी लय झालं. तिथवर आम्ही खाटेवर आणतो."

या एका वाक्याने आमचा अर्धा खर्च वाचला. गाडी किती ताकदीची हवी, किती उंच हवी, कोणते टायर हवेत, या सगळ्यांची उत्तरे त्या दोन-तीन किलोमीटरमध्येच आहेत. म्हणून गाड्यांच्या बाजारात जाण्यापूर्वी आम्ही वाटा पाहायला निघालो. कधी मोटारसायकलवर, कधी एस.टी.ने, कधी पायी. सुट्टीच्या दिवशी एकेक भाग घेतला आणि एका वहीत लिहीत गेलो: माती कोणती, चिखल किती खोल, नाले किती, चढ किती, गाडी वळवायला जागा कुठे.

वर्धेकाठची काळी माती

पहिला भाग घेतला राळेगाव, कळंब आणि बाभूळगाव तालुक्यांचा. वर्धा आणि बेंबळेच्या काठची ही कपाशीची जमीन. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन पसरतात, म्हणून असे होते. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी आहे, कारण ओल धरून ठेवते. गाडीला मात्र ती वैरी आहे. राळेगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला पाहून हसत सांगितले, "हे माती पायातली चप्पल ठेवून घेते, तुमची गाडी सोडन काय?"

या चिखलाचा स्वभाव असा की तो टायरच्या नक्षीत भरतो आणि तिथेच बसतो. दहा-वीस फेऱ्यांत टायर गुळगुळीत होते. मग चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि खड्डा खणत बसते. चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये साचून चाक अडवतो, ते वेगळेच. यावर उपाय म्हणजे नक्षीत मोठ्या फटी असलेले टायर, म्हणजे चिखल फेकला जातो, आणि चाक व मडगार्ड यांमध्ये चार बोटे तरी मोकळी जागा.

रुंद टायर चांगले की अरुंद, यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास वाद चालतात. आपल्या बैलगाडीकडे पाहिले तर थोडा उलगडा होतो. बैलगाडीचे चाक उंच आणि अरुंद. ते वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरावर टेकते. जुन्या विलीज जीपचे टायरही असेच अरुंद होते. जिथे हातभर चिखलाखाली मुरूम आहे तिथे हेच बरे. पण वर्धेकाठी माती इतकी खोल आहे की खाली टेकायला काही नाही. तिथे चाकाने वर तरंगत जायला हवे. त्यासाठी टायरमधील हवा कमी करतात. एरवी तीस पौंड असेल तर चिखलात ती अठरा-वीसवर आणतात. टायर पसरते, जमीन जास्त धरते. डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फाटते. म्हणजे हवा मोजायचे घड्याळ आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप या दोन वस्तू यादीत आल्या. दोन्ही मिळून दोन-तीन हजारांच्या आत बसतात, आणि महागड्या टायरांइतके काम करतात.

आणखी एक गोष्ट वहीत ठळक लिहिली आहे. ओल्या पांदणीत आपण गाडी घातली की खोल चाकोऱ्या पडतात. त्या वाळल्या की दगडासारख्या होतात. मग बैलाचा पाय मुरगळतो, सायकलवर शाळेत जाणारी मुलगी पडते. गाडी आपली असली तरी पांदण गावाची आहे. कारण असेल तरच त्या वाटेने जायचे, आणि नंतर फावड्याने चाकोरी बुजवून द्यायची.

उमरखेडचा बंदी भाग

दुसरा दौरा पैनगंगेच्या खोऱ्यात केला. उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याला लागून जी गावे आहेत, त्या भागाला लोक बंदी भाग म्हणतात. नदीच्या पलीकडे नांदेड जिल्हा. याच नदीवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. पावसाळ्यात काळ्या खडकावरून पाणी कोसळते तेव्हा पाहायला दोन्ही जिल्ह्यांतून माणसे येतात. धबधब्यापर्यंत जाणाऱ्याला या भागाची अडचण कळत नाही. ती कळते आतल्या गावी मुक्काम केल्यावर.

इथे माती पातळ आणि दगड फार. चढ-उतार आहेत, वळणे आहेत. चिखलात लागते ती चाकाची पकड, इथे लागतो तो संथपणा. यासाठी फोर-बाय-फोर गाडीत एक दुसरा छोटा दांडा असतो. त्याने चारही चाकांना ताकद जाते आणि गाडी 'लो'मध्ये टाकता येते. लो म्हणजे इंजिन तेवढेच फिरते पण चाक फार हळू आणि जोराने फिरते. माणसाच्या चालीने गाडी दगडावरून उतरते, ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही. उतारावर ब्रेक दाबून चाके अडकवली की गाडी घसरते, इंजिनाने धरली की घसरत नाही. हा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र वापरायचा नसतो. जुन्या जीपमध्ये पुढची आणि मागची चाके एकत्र बांधली जातात, वळणावर त्यांना वेगवेगळे अंतर कापायचे असते, आणि मग ताण पडून गिअर किंवा क्रॉस तुटतो.

नाल्यांबद्दल बोलताना २८ सप्टेंबर २०२१ ची आठवण निघतेच. त्या दिवशी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एस.टी. बस वाहून गेली आणि प्रवाशांचे प्राण गेले. एस.टी.चे वजन किती आणि आपल्या जीपचे किती, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. वाहते पाणी गाडीला खालून उचलते आणि बाजूने ढकलते. गुडघाभर पाणी जोरात वाहत असेल तर ते छातीभर साचलेल्या पाण्यापेक्षा घातक. म्हणून आमचा नियम ठरला आहे. ज्या पाण्यातून माणूस काठी टेकत चालत जाऊ शकत नाही, त्यात गाडी घालायची नाही. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचे, मग मागे बसलेला कोणीही कितीही घाई करो.

साचलेल्या पाण्यासाठी मात्र तयारी करता येते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते पाण्यात लवकर बंद पडत नाही. पेट्रोल गाडीचे प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्यूटर ओले झाले की गाडी तिथेच बसते. दोन्हींत इंजिन हवा कुठून ओढते ती जागा पाण्याच्या वर हवी. एकदा पाणी आत गेले की इंजिनाचे काम मोठे निघते. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. म्हणून अ‍ॅक्सलला हवा जाण्याची जी बारीक तोटी असते, तिला रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेतात. खर्च शंभर-दोनशे रुपये. नाला ओलांडून आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑइल पाहावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते त्याच दिवशी बदलावे.

पोडाकडच्या वाटा

तिसरा भाग केळापूर, मारेगाव आणि झरी-जामणीचा. कोलाम बांधवांचे पोड याच भागात आहेत. इथे मुरूम आहे, सागाचे जंगल आहे, लहान लहान टेकड्या आहेत. पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य, १४८.६३ चौरस किलोमीटरचे. तिथे जन्मलेला एक वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तेराशेहून अधिक किलोमीटर चालत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याला ना पूल लागला ना पांदण. आपल्याला मात्र लागते.

टिपेश्वरच्या सफारीत जिप्सी गाड्या दिसतात. हलकी, अरुंद, उंच गाडी. हलकेपणा हा तिचा मोठा गुण. आम्ही त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहत उभे राहिलो आणि चालकांना प्रश्न विचारले. त्यांनी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली: गाडीत सामान कमी ठेवा. अभयारण्यात आपली गाडी परवानगीशिवाय नेता येत नाही, ते योग्यच आहे. जंगलाच्या वाटेने जाताना कुऱ्हाडही बरोबर नको, वनखात्याला संशय यायला तेवढे पुरे होते. रस्त्यात झाड पडले असेल तर दोराने ओढून बाजूला करावे किंवा गावकऱ्यांना हाक मारावी.

पोडाकडच्या वाटांवर एक अडचण वेगळीच आहे. नाल्याच्या काठावर चढताना एक चाक हवेत राहते किंवा एकाच बाजूचा चिखल लागतो. साध्या गाडीत ताकद नेहमी मोकळ्या चाकाकडे पळते. ते हवेत गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक स्तब्ध. यावर 'लॉकर' नावाचा महाग भाग मिळतो, तो दोन्ही चाके एकत्र बांधतो. आमच्या हिशेबात तो बसत नाही. त्याऐवजी चांगले लवचीक कमानपाटे ठेवायचे, म्हणजे चाक जमीन सोडत नाही. गाडी उंच करण्यासाठी जादा पाटे घालून ती कडक करणारे पुष्कळ आहेत. ती उंच दिसते, पण खड्ड्यात एक चाक लगेच हवेत जाते. शिवाय रुग्णाची हाडे खिळखिळी होतात.

वणीकडचा चौथा दौरा थोडक्यात सांगतो. कोळसा आणि चुनखडीच्या वाहतुकीने तिथले रस्ते खचले आहेत आणि धूळ फार आहे. तिथे एवढेच लिहिले की हवेची जाळी दर आठवड्याला झटकायची.

कोणती गाडी?

वहीतील नोंदी घेऊन मग बाजाराकडे वळलो. नवी फोर-बाय-फोर गाडी दहा लाखांच्या पुढे जाते, म्हणजे तो विषय संपला. जुन्यांमध्ये मुख्यतः दोन पर्याय निघाले.

पहिला महिंद्राच्या जुन्या जीपचा. महिंद्राने १९४७ साली अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग जोडून आपल्या देशात जीप आणली. त्याच वंशातील एमएम ५४० ही गाडी अजून खेड्यापाड्यांत दिसते. तिला प्यूजो बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन, ताकद बासष्ट अश्वशक्ती. वेग नाही, पण कष्टाळू आहे. आपल्या भागात अशा जीप वर्षानुवर्षे प्रवासी वाहतुकीला चालल्या, त्यामुळे तालुक्याच्या गावीही तिची नाडी ओळखणारे मिस्त्री आहेत. दुसरा पर्याय मारुती जिप्सीचा. ती १९८५ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. हलकी, पण पेट्रोलवर चालणारी, मागे जागा लहान आणि शौकिनांमुळे किंमत चढलेली. रुग्णाला आडवे झोपवायचे तर लांबी लागते. म्हणून आमचा कल जीपकडे आहे.

जीप घेताना एक सावधगिरी हवी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बऱ्याच जुन्या जीप फक्त मागच्या चाकांवर चालतात. छोटा दांडा आहे म्हणून समाधान मानू नये. खाली वाकून पुढच्या चाकांमध्ये अ‍ॅक्सलचा गोळा आहे का आणि त्याला शाफ्ट जोडला आहे का ते पाहावे. मग कच्च्या रस्त्यावर नेऊन पुढची चाके खरोखर ओढतात का ते पाहावे. चासीला कुठे वेल्डिंग केले आहे, स्टिअरिंग किती ढिले आहे, चाक हलवल्यावर खडखडते का, सकाळी थंड इंजिन किती प्रयत्नात चालू होते, धूर कोणत्या रंगाचा, हे सगळे मिस्त्रीला घेऊन तपासावे. रंग नवा असेल तर जास्त तपासावे.

यवतमाळच्या एका जुन्या मिस्त्रीने आम्हाला चहा पाजून सल्ला दिला तो असा: "भाऊ, गाडी इंजिनानं नाई फसत, घाईनं फसते. पयले ब्रेक करा, मंग स्टेरिंग, मंग चाकं. दिवे-बिवे लावाचे थे मागून पाहू."

कागद आधी, लोखंड नंतर

ही माझ्या कारकुनीची बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. इंजिन किंवा रंग बदलायचा तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी. पुढे लावतात त्या जाडजूड लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे पत्र काढले आहे. ते गार्ड रस्त्यावरच्या पायी माणसाचा जीव घेते. जे काम जीव वाचवण्यासाठी काढले आहे त्यात असली वस्तू बसत नाही.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचा आकार दहा हजार रुपये झाला आहे. शिवाय पर्यावरण कर आणि विमा. स्वस्तात मिळालेल्या गाडीचे कागद संपलेले असतील तर ती स्वस्त राहत नाही. इंजिन आणि चासीचे क्रमांक पुस्तकाशी स्वतः जुळवावेत, बँकेचा बोजा उतरला आहे का पाहावे. आणखी एक: पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. तसे केले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. म्हणून डिझेलचा खर्च आम्ही वर्गणीतून करणार, रुग्णाकडून एक पैसाही नाही.

जमाखर्च

तीन लाखांची आमची वाटणी अशी आहे. गाडीची किंमत जास्तीत जास्त १,६०,०००. नोंदणी, कर, विमा २५,०००. ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, क्रॉस, सील, सर्व ऑइल आणि मिस्त्रीची मजुरी ४०,०००. नव्या नक्षीचे पाच टायर ३५,०००. ओढण्याचे सामान, पंप, स्ट्रेचर, प्रथमोपचार पेटी १५,०००. आणि राखीव २५,०००. बेरीज बरोबर तीन लाख.

राखीव रकमेवरून आमच्यात बराच वाद झाला. एका मित्राचे म्हणणे की त्या पैशात वर दिव्यांची रांग आणि पुढे मोटारीने फिरणारी दोरखंडाची विंच येईल. विंच कामाची आहे यात शंका नाही. पण चांगली विंच आमच्या सगळ्या राखीव रकमेहून महाग, आणि स्वस्त विंचवर जीव टाकता येत नाही. शिवाय यवतमाळ जिल्ह्यात दर पांदणीच्या टोकाला कुणाचा तरी ट्रॅक्टर किंवा बैलजोडी असते. ट्रॅक्टरवाल्याचे नाव वहीत असणे ही आमची विंच. जुनी गाडी पहिल्या वर्षी काय मागेल ते आज सांगता येत नाही. म्हणून राखीव रकमेला हात लावायचा नाही, असे चौघांच्या मताने ठरले.

ओढण्याच्या सामानातही पाहण्यासारखे आहे. दोर बांधायचे आकडे थेट चासीला नटबोल्टने घट्ट हवेत. बंपरला दोर बांधला तर बंपर सुटून गोळीसारखा येतो. ओढताना दोरावर ओले पोते टाकावे, म्हणजे तुटला तर उसळत नाही, आणि माणसांना लांब उभे करावे. जॅकखाली जाड फळी ठेवावी, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. चाकाखाली घालायला बारदाना आणि तुराट्यांची पेंडी उत्तम. पऱ्हाटीची खुंटे मात्र टायरमध्ये घुसतात, ती टाळावीत.

रस्त्याची मागणी सोडू नये

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, गाडी घेऊन तुम्ही सरकारचे काम आपल्या डोक्यावर घेता. रस्ता मागायचा सोडून चिखलात जायची तयारी करता. हा आक्षेप मनाला लागला, कारण त्यात तथ्य आहे. इंग्रजांच्या काळात कापूस नेण्यासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर अशी अरुंद रेल्वे टाकली गेली. लोक तिला शकुंतला म्हणतात. आज ती बंद आहे. कापसाला एकेकाळी रूळ मिळाले, पण कापूस वेचणाऱ्या बाईला घरापर्यंतची पक्की वाट अजून सगळीकडे मिळालेली नाही.

म्हणून आमच्या वहीला दोन बाजू केल्या आहेत. एका बाजूला गाडीसाठीच्या नोंदी. दुसऱ्या बाजूला त्याच वाटेचा अर्ज: लांबी किती, घरे किती, कोणत्या महिन्यांत बंद, कुठे नळ्या टाकायला हव्यात, अतिक्रमण कुठे. शेत व पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय असली कामे पुढे सरकत नाहीत, आणि ठराव करायला मोजमाप लागते. ते मोजमाप आता आमच्याजवळ आहे. जिथे रस्ता होईल तिथे आमच्या गाडीची गरज संपेल, आणि तसे होणे हेच चांगले.

पुढचा कार्यक्रम असा ठरला आहे. दिवाळीनंतर गाडी पाहायची, संक्रांतीपर्यंत कागदपत्रे पुरी करायची, होळीपर्यंत मिस्त्रीचे काम. उन्हाळ्यात कोरड्या पांदणीत आम्ही पाचही जणांनी चालवण्याचा सराव करायचा, म्हणजे एकाच चालकावर अवलंबून राहावे लागणार नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की रिकामी गाडी चिखलात घालून पाहायची. त्यानंतरच तिच्यात रुग्ण बसवायचा.

ज्या वाचकांना आपल्या तालुक्यात असे काही करायचे असेल त्यांनी आजच गाडी शोधू नये. आपल्या भागातील एक वस्ती निवडावी, तिथून डांबरी रस्त्यापर्यंत पावसाळ्यात एकदा स्वतः चालत जावे आणि पावले मोजून सर्व लिहून काढावे. त्याला एक वही आणि एक रविवार लागतो. गाडी मिळाली नाही तरी ती वही ग्रामसभेत उपयोगी पडेल.